एका खाटेएवढं

खाट एकच होती घरात,
सासऱ्यांच्या शेवटच्या आजारातली.
ते गेल्यावर कुणी तिच्यावर झोपेना,
मोडून चुलीत घालायलाही कुणाचा हात होईना.
सुंभ कुजलेलं. नवारीचा भाव विचारून परत आले
आणि फाटक्या जाळ्याचा तुकडा ताणून बांधला.
(खाडीत तीन दिवस बुडवून घासली होती,
तरी हे गिऱ्हाइकांना सांगत नाही.)

तांबळडेगला सगळे सोडे वाळत घालतात
ताडपत्र्या पसरून, वाळूवर.
माझ्याकडे ताडपत्री नव्हती.
जाळ्याखालून वारा शिरला,
सोडे दोन्ही अंगांनी सुकले,
आणि मला त्याचा पत्ताच नव्हता
ठाण्याच्या चौबळबाई कळवीपर्यंत:
खिचडीत रेव लागली नाही हो,
पुढच्या वेळी अर्धा किलो.

अर्धा किलो!
खाटेवर मावतात दीड.
त्यासाठी पंधरा किलो कोळंबी सोलायची
मी आणि सुमतीवैनीनं,
तिचा तर एक अंगठा मिटतच नाही.

फोन भाच्यानं टाकलेला.
पडद्याचा तडा बरोबर 'क'वरून गेलाय.
'क' नसेल तर कोळंबी लिहिता येत नाही,
किलो नाही, किंमत नाही,
कधी आणि किती तर नाहीच नाही.
म्हणून लिहिणं सोडलं, बोलायला लागले:
"आजचे सोडे परवाच्या पहाटेच्या कोळंबीचे,
दोन उन्हं दिली आहेत, हाड्, हाड् मेल्या,
मीठ अजिबात नाही."
मधलं कावळ्याला होतं.
पुसायला गेले, तोवर बारा घरांत ऐकून झालेलं.
पुण्याहून कुणीतरी विचारलं,
कावळा बरा आहे ना?
आता एखाद्या दिवशी तो आला नाही
तर लोकांना शंका येते, माल शिळा असेल.

रेंज फक्त सड्यावर, चिरेखाणीच्या कडेला.
पाचला चढते, अंधार पडायच्या आत उतरते.
ज्यांना लगेच उत्तर हवं ते आपोआप गळले.
उरले वाट बघणारे.
देवगडला पार्सल मंगळवारीच जातं,
कारण मंगळवारीच टेम्पोत जागा मिळते
बर्फाच्या पेट्यांवर.
ते आता मंगळवारचे सोडे म्हणतात,
जणू एखादी जात असावी आंब्याची.

बचत गटाच्या बैठकीत मॅडमनी मला उभं केलं.
म्हणाल्या, उणीव हीच हिची ताकद.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

एप्रिलात रात्री दोनला अवकाळी आला.
हे मालवणला होते. खाट आत ओढायला मी एकटी,
आणि दार खाटेपेक्षा चार बोटं अरुंद.
आडवी करून बघितली, तिरकी करून बघितली,
शेवटी उंबऱ्यात तिला टेकून
भिजत बसले.
सकाळी दीड किलो सोडे, नऊ घरांचे,
काळे आणि बुळबुळीत.
पैसे परत केले. चौबळबाई घेईनात,
त्यांनाही पाठवले.
त्या उणिवेची ताकद कोणती,
मॅडमना विचारायचं राहून गेलं.

परवा पनवेलचा माणूस आला होता.
महिन्याला वीस किलो द्या,
पाकीट आमचं, चकचकीत, नाव आमचं.
मनात खाटा मोजल्या. तेरा, आणि एखादी वर.
अंगण तीन खाटांचं.
शिवाय चकचकीत पाकिटात
कावळा कसा घालणार?
चहा दिला, नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही.

मग झिलू मेस्त्रीला निरोप धाडला.
तो टेप घेऊन आला, अंगणात उकिडवा बसला,
खाटेच्या पायावर बोटं फिरवत म्हणाला,
"अशीच दुसरी करूची हा काय गो?"

म्हटलं, खाट मगे.
आदी दार.